वेरमाख्टचे साधे शिपाई आणि जर्मनीनं मांडलेला हिशेब: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाचं बोलणं निघालं की ते हिटलर, एसएस आणि गॅस चेंबर यांच्यापाशी येऊन थांबतं. खुद्द जर्मनीत मात्र १९९० नंतर घराघरांत वाद पेटले ते वेगळ्याच प्रश्नावरून. जे सुतार, शिक्षक, शेतकरी, कारकून अंगावर गणवेश चढवून पूर्वेकडे गेले, त्यांनी तिथे काय केलं? ज्यांच्या मांडीवर बसून आपण गोष्टी ऐकल्या, त्यांनी? याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ती थोडक्यात उरकली की खोटी होतात.

वेरमाख्ट आणि एसएस यांत फरक काय?

वेरमाख्ट म्हणजे १९३५ ते १९४५ या काळातलं जर्मनीचं नियमित सैन्य: भूदल, नौदल आणि हवाई दल. एसएस ही नाझी पक्षाची संघटना. वेरमाख्टमध्ये सक्तीची भरती होती आणि दहा वर्षांत सुमारे १ कोटी ८० लाख माणसं तिच्यातून गेली. म्हणजे जवळपास प्रत्येक घरातला बाप, भाऊ किंवा काका. एसएसवर खापर फोडणं सोपं होतं, कारण ते कुणीतरी 'वेगळे' होते. वेरमाख्ट म्हणजे 'आपले' लोक. पुढचा सगळा वाद या 'आपले' शब्दाभोवती फिरतो.

या सैन्यानं नेमके कोणते गुन्हे केले?

२२ जून १९४१ रोजी सोव्हिएत युनियनवर हल्ला झाला. त्याआधीच दोन हुकूम निघाले होते. १३ मेच्या हुकमानं सांगितलं की सैनिकानं तिथल्या नागरिकांवर केलेल्या गुन्ह्याचा खटला चालवणं बंधनकारक नाही. ६ जूनच्या हुकमानं सांगितलं की पकडलेल्या सोव्हिएत राजकीय अधिकाऱ्यांना, म्हणजे कमिसारांना, युद्धकैदी न मानता गोळ्या घालाव्यात. युद्धानंतर अनेक सेनापती म्हणाले की आम्ही दुसरा हुकूम खाली पोचवलाच नाही. संशोधक फेलिक्स ऱ्योमर यांनी तुकड्यांचे अहवाल एकेक करून तपासले, तेव्हा बहुसंख्य डिव्हिजननी तो पाळल्याचं दिसलं.

सगळ्यात मोठा आकडा युद्धकैद्यांचा आहे. सुमारे ५७ लाख सोव्हिएत सैनिक पकडले गेले, त्यांतले ३० लाखांहून अधिक मेले: उपासमारीनं, थंडीनं, रोगानं, गोळीनं. या छावण्या प्रामुख्यानं सैन्याच्याच ताब्यात होत्या. नोव्हेंबर १९४१ मध्ये ओर्शा इथल्या बैठकीत सैन्याच्या रसद विभागाचा प्रमुख एडुआर्ड वाग्नर यानं स्पष्ट सांगितलं की छावण्यांतल्या काम न करणाऱ्या कैद्यांनी उपाशीच मरायचं आहे. हाच वाग्नर पुढे जुलै १९४४ च्या हिटलरविरोधी कटात सामील झाला आणि कट फसल्यावर त्यानं स्वतःला गोळी घातली. चांगले आणि वाईट अशा दोन रकान्यांत माणसं मांडायला बसलं की असा एखादा माणूस समोर येतो आणि रकानेच मोडतात.

सर्बियात एका जर्मन सैनिकामागे शंभर आणि एका जखमीमागे पन्नास ओलीस मारायचे, असा हिशेब ठरला होता. २१ ऑक्टोबर १९४१ रोजी क्रागुयेवात्समध्ये २,७०० हून अधिक पुरुष आणि मुलगे मारले गेले. त्यांत शाळेतून उचललेली मुलं आणि त्यांचे शिक्षकही होते. गोळ्या झाडणारे वेरमाख्टचे पायदळ सैनिक होते. कीवजवळच्या बाबी यारमध्ये २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना मारलं ते एसएस आणि पोलिसांनी. पण ज्यूंनी अमुक ठिकाणी जमावं असं सांगणारी पत्रकं छापली सैन्यानं, आणि प्रेतं झाकायला घळीचे काठ सुरुंगानं उडवले तेही सैन्याच्याच इंजिनिअर तुकडीनं.

एखादी घटना जवळून पाहता येईल का?

बिला त्सेरक्वा, कीवच्या दक्षिणेचं गाव, ऑगस्ट १९४१. मोठ्या माणसांना आधीच मारलं होतं. उरली होती सुमारे नव्वद लहान मुलं, काही तान्ही, गावाच्या कडेच्या एका घरात कोंडलेली. जवळ मुक्कामाला असलेल्या सैनिकांना रात्रभर रडणं ऐकू येत होतं. त्यांनी ते सैन्यातल्या पाद्र्यांच्या कानावर घातलं. पाद्री घरात गेले. आत पाणी नव्हतं, माशा घोंघावत होत्या, आणि काही मुलं भिंतीचा गिलावा नखांनी खरवडून खात होती.

पाद्र्यांनी लेखी अहवाल दिला. हेल्मुट ग्रोसकुर्थ नावाच्या अधिकाऱ्यानं तो पुढे रेटला आणि कारवाई तात्पुरती थांबवली. प्रश्न सहाव्या आर्मीचा सेनापती राइशेनाऊ याच्यापर्यंत गेला. त्यानं हिरवा कंदील दिला, सुरू केलेलं काम नीट पार पाडा म्हणून. २२ ऑगस्टला मुलांना गोळ्या घातल्या. तिथे हजर असलेल्या एसएस अधिकाऱ्यानं पुढे साक्षीत सांगितलं की खड्डा वेरमाख्टनं आधीच खणून ठेवला होता.

मी या प्रकरणाकडे पुन्हा पुन्हा वळतो. ज्यांना झोप लागली नाही तेही सैनिक होते, तक्रार करणारे पाद्रीही सैन्यातलेच, अडवू पाहणारा अधिकारीही आणि शेवटची मान डोलावणारा सेनापतीही. 'सैन्याला माहीत नव्हतं' हे वाक्य या एका फाइलपुढे टिकत नाही.

हुकूम मोडला असता तर त्यांनाच गोळी घातली असती ना?

हा बचाव इतका चालला की जर्मन कायद्यात त्याला शब्दच आहे, बेफेल्सनोटश्टांट, म्हणजे हुकमापुढे नाइलाज. युद्धानंतरच्या खटल्यांत बचाव पक्षाच्या वकिलांनी जिवाचं रान केलं, तरी नि:शस्त्र नागरिकांवर गोळी झाडायला नकार दिला म्हणून जर्मन माणसाला मृत्युदंड झाल्याचं एकही प्रकरण त्यांना सिद्ध करता आलं नाही. बदली व्हायची, बढती अडायची, सोबती भेकड म्हणायचे. पोलंडमधल्या युझेफूव गावी जुलै १९४२ मध्ये राखीव पोलीस बटालियन १०१ च्या प्रमुखानं आपल्या मध्यमवयीन माणसांना सांगितलं होतं, ज्यांना जमणार नाही त्यांनी बाजूला व्हावं. सुमारे पाचशेंपैकी डझनभर पुढे आले. ते पोलीस होते, सैनिक नव्हते, पण साध्या माणसांचं मन कसं चालतं हे तिथे दिसतं. भीती गोळीची कमी आणि सोबत्यांच्या नजरेची जास्त.

हुकूम न पाळण्याच्या पलीकडे जाऊन ज्यूंना वाचवणं मात्र जिवावर बेतणारं होतं. व्हिएन्नात रेडिओचं दुकान चालवणारा अँटोन श्मिड सैन्यात भरती होऊन विल्निउसला गेला. त्यानं सैन्याच्याच ट्रकमधून शेकडो ज्यूंना बाहेर काढलं, कागदपत्रं करून दिली. १३ एप्रिल १९४२ रोजी त्याला मृत्युदंड दिला गेला. बायकोला लिहिलेल्या शेवटच्या पत्राचा सूर एवढाच होता, की मी फक्त माणूस म्हणून वागलो.

म्हणजे प्रत्येक सैनिक गुन्हेगार होता?

नाही, आणि असं कुठल्याही जबाबदार इतिहासकारानं म्हटलेलं नाही. १ कोटी ८० लाखांत समुद्रावरचे होते, नॉर्वेत पहारा देणारे होते, एकही नागरिक समोर न येता मेलेलेही होते. किती टक्के सामील होते यावर इतिहासकारांचं आजही एकमत नाही. संस्था म्हणून वेरमाख्ट गुन्ह्यांत सामील होती आणि सैनिकांना वाव होता: काहींनी तो दयेसाठी वापरला, बहुतेकांनी वापरलाच नाही, आणि बऱ्याच जणांनी हुकमाच्याही दोन पावलं पुढे जाऊन वापरला.

मग पन्नास वर्षं हे दबून का राहिलं?

कारण ते दबलेलं राहणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. न्यूरेंबर्गच्या न्यायालयानं कायटेल आणि योडल या वेरमाख्टच्या दोन सर्वोच्च सेनापतींना फाशी दिली, पण सर्वोच्च लष्करी नेतृत्वाला 'गुन्हेगारी संघटना' ठरवलं नाही, कारण कायद्याच्या व्याख्येत ते संघटना म्हणून बसत नव्हतं. निकालात सेनापतींवर कडक ताशेरे होते, पण लोकांनी त्याचा अर्थ 'सैन्य निर्दोष सुटलं' असा लावला.

मग शीतयुद्ध आलं. १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटलं आणि पश्चिमेला जर्मन सैनिक हवे झाले. ऑक्टोबर १९५० मध्ये हिमेरोडच्या मठात जमलेल्या माजी अधिकाऱ्यांनी नव्या सैन्यासाठी अटी घातल्या: कैदेतल्या सहकाऱ्यांची सुटका करा आणि जर्मन सैनिकाची बदनामी थांबवा. जानेवारी १९५१ मध्ये नाटोचे सरसेनापती आयझेनहॉवर यांनी जाहीरपणे म्हटलं की जर्मन सैनिक वेगळे आणि हिटलरची टोळी वेगळी. डिसेंबर १९५२ मध्ये चान्सलर आडेनाउअर यांनी संसदेत सैनिकांच्या सन्मानाची ग्वाही दिली. १९४१ चे ते हुकूम ज्याच्या हाताखालून गेले, त्या तेव्हाच्या भूदलाच्या जनरल स्टाफचा प्रमुख फ्रान्झ हाल्डर याच्याकडेच अमेरिकन सैन्यानं पूर्व आघाडीचा इतिहास लिहिण्याच्या कामाची सूत्रं दिली होती. आरोपीच्याच हाती पंचनामा. 'स्वच्छ वेरमाख्ट' ही कथा अशी घडली.

इतिहासकार गप्प नव्हते. क्रिस्टियान श्ट्राइट यांनी १९७८ मध्येच युद्धकैद्यांचा हिशेब मांडला होता. पण विद्यापीठातलं ज्ञान जेवणाच्या टेबलापर्यंत पोचलं नव्हतं.

ते प्रदर्शन कोणतं, ज्यावरून एवढा गदारोळ झाला?

५ मार्च १९९५ रोजी हॅम्बुर्गमध्ये 'वेरमाख्टचे गुन्हे' या विषयावरचं फिरतं प्रदर्शन उघडलं. यान फिलिप रेम्ट्समा यांच्या हॅम्बुर्ग समाजसंशोधन संस्थेनं ते भरवलं होतं, प्रमुख होते हानेस हेअर. विषय तीन: सर्बिया, स्टालिनग्राडच्या वाटेवरची सहावी आर्मी आणि बेलारूस. जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या ३३ शहरांत सुमारे ८ लाख लोकांनी ते पाहिलं.

प्रदर्शनातले बरेचसे फोटो साध्या सैनिकांनीच काढलेले होते. फासावर लटकणारी माणसं आणि बाजूला हसत उभे असलेले सैनिक. त्यांतले कित्येक फोटो पकडलेल्या किंवा मेलेल्या जर्मन सैनिकांच्या खिशातून, पाकिटातून निघाले होते. बायकोच्या फोटोशेजारी तो फोटो. प्रेक्षक फलकासमोर वाकून चेहरे न्याहाळत, आपल्या घरातलं कुणी त्यात आहे का म्हणून.

१९९७ मध्ये म्युनिकला प्रदर्शन आलं तेव्हा सुमारे ५,००० नवनाझी रस्त्यावर उतरले आणि त्यांना अडवायला विरोधकही. पाहायला आलेले लोक मात्र तासन्‌तास रांगेत उभे होते. मार्च १९९९ मध्ये सारब्र्युकेनला प्रदर्शनाच्या इमारतीत बॉम्बस्फोट झाला.

१३ मार्च १९९७ ला संसदेत चर्चा झाली. खासदार आल्फ्रेड ड्रेगर स्वतः वेरमाख्टचे अधिकारी होते, त्यांनी सैनिकांची बाजू मांडली. त्यानंतर दुसरे एक खासदार, ओटो शिली बोलले. लढाईत गेलेले काका, जखमी झालेला भाऊ असं घरातल्यांचं सांगत गेले आणि मग सासऱ्यांवर आले. सासरे ज्यू, रशियात पार्टिझान, म्हणजे गनिमी लढवय्ये, म्हणून वेरमाख्टविरुद्ध लढलेले. या सगळ्यांत न्याय्य बाजूनं लढले ते फक्त तेच, असं सांगताना त्यांचा गळा दाटून आला.

फोटो खोटे होते म्हणे?

खोटे नव्हते, पण काही फोटोंखाली लिहिलेल्या माहितीच्या ओळी चुकल्या होत्या. १९९९ मध्ये पोलिश इतिहासकार बोगदान मुसियाव आणि हंगेरीचे क्रिस्तियान उंगवारी यांनी हे दाखवून दिलं. जून १९४१ च्या शेवटी माघार घेताना सोव्हिएत गुप्त पोलिसांनी पश्चिम युक्रेनच्या तुरुंगांत कैद्यांची कत्तल केली. जर्मन सैन्य पोचलं तेव्हा प्रेतं बाहेर काढली जात होती आणि सैनिकांनी त्यांचे फोटो काढले. ते फोटो सोव्हिएत दप्तरात गेले, तिथे ओळी बदलल्या आणि प्रदर्शनात सोव्हिएतांनी मारलेले लोक जर्मनांचे बळी म्हणून टांगले गेले.

रेम्ट्समा यांनी नोव्हेंबर १९९९ मध्ये प्रदर्शन थांबवलं आणि बाहेरच्या इतिहासकारांची समिती नेमली. समितीनं वर्षभर १,४३३ फोटो तपासले. ज्यांचा वेरमाख्टच्या गुन्ह्यांशी संबंध नव्हता असे फोटो वीसपेक्षाही कमी निघाले. मूळ म्हणणं बरोबर आहे, पण मांडणीत चुका, निष्काळजीपणा आणि सरसकट विधानं आहेत, असा निष्कर्ष निघाला. नोव्हेंबर २००१ मध्ये बर्लिनला उलरिके युराइट यांच्या नेतृत्वाखाली प्रदर्शन नव्यानं उघडलं. फोटो कमी, कागदपत्रं जास्त.

या दुसऱ्या प्रदर्शनावर हेअर यांनी टीका केली, की गुन्हे उरले आणि गुन्हेगारांचे चेहरे गेले. त्यात तथ्य आहे. पण मला या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती म्हणजे त्यांनी प्रदर्शन स्वतःहून दोन वर्षं बंद ठेवलं. विरोधक टपून बसलेले असताना चूक कबूल करायची, दार लावून घ्यायचं, प्रत्येक फोटोची उलटतपासणी करायची आणि पुन्हा उघडायचं, याला धीर लागतो. शिवाय त्या तुरुंगांतल्या मेलेल्या कैद्यांचंही देणं होतंच. त्यांचे मारेकरी कोण हे तरी खरं सांगायला हवं होतं.

घरांमध्ये काय झालं?

सरकारनं मान्य करणं एक आणि घरानं मान्य करणं दुसरं. समाजमानसशास्त्रज्ञ हाराल्ड वेल्त्सर आणि सहकाऱ्यांनी ४० कुटुंबांतल्या तीन पिढ्यांशी बोलून २००२ मध्ये निष्कर्ष मांडले. आजोबांनी स्वतः सांगितलेली गोष्ट नातवाच्या तोंडी येईपर्यंत बदललेली असे. आजोबा नकळत विरोधक होत, ज्यूंना लपवणारे होत. नातवंडं खोटं बोलत नव्हती. शाळेत शिकलेला इतिहास त्यांना पाठ होता आणि आजोबांवर जीव होता. दोन्ही एकत्र राहावं म्हणून आठवणीलाच थोडं वाकवलं होतं. हे मला कुठल्याही नकारापेक्षा जास्त अस्वस्थ करतं, कारण यात वाईट हेतू कुणाचाच नाही.

सैन्य सोडून पळालेल्यांचं काय?

जर्मन लष्करी न्यायालयांनी सुमारे ३०,००० जणांना मृत्युदंड सुनावला आणि अंदाजे २०,००० जणांच्या बाबतीत तो अमलात आणला. पहिल्या महायुद्धात हा आकडा ४८ होता. लुडविग बाउमान हा हॅम्बुर्गचा मुलगा १९४२ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोजवळून पळाला आणि पकडला गेला. शिक्षा कमी झाल्याचं त्याला बरेच महिने कुणी सांगितलंच नाही. रोज सकाळी आज आपली पाळी म्हणून तो बेड्यांत वाट पाहत राहिला. युद्ध संपल्यावर गावानं त्याला भेकड म्हणून हिणवलं, तो दारूच्या आहारी गेला. ज्यांनी शिक्षा सुनावल्या ते न्यायाधीश मात्र नव्या जर्मनीतही खुर्च्यांवर होते.

बाउमान यांनी १९९० मध्ये अशा लोकांची संघटना उभी केली. संसदेनं १९९८ मध्ये नाझी काळातले अन्याय्य निकाल रद्द करणारा कायदा केला, २००२ मध्ये पळालेल्या सैनिकांचे निकाल सरसकट रद्द केले आणि २००९ मध्ये 'युद्धद्रोही' ठरवलेल्यांचेही. बाउमान २०१८ मध्ये वारले.

गुन्हे करणाऱ्यांपैकी किती जणांना शिक्षा झाली?

फार थोड्यांना. सदोष मनुष्यवधाची कालमर्यादा १९६० मध्ये संपली. खुनाची मर्यादा १९७९ मध्ये कायमची उठली, पण 'खून' सिद्ध करायला क्रूरता किंवा नीच हेतू दाखवावा लागे, आणि तोवर साक्षीदार विरळ झाले होते. ऑगस्ट २००९ मध्ये म्युनिकच्या न्यायालयानं योसेफ शॉइनग्राबर या माजी लेफ्टनंटला जन्मठेप दिली. १९४४ मध्ये इटलीतल्या फाल्झानो इथे दहा नागरिकांना मारल्याचा गुन्हा, आरोपीचं वय ९०. मधली साठ वर्षं तो आपल्या गावात मानानं जगला होता, स्थानिक परिषदेवरही होता.

भरपाई मिळाली का?

सोव्हिएत युद्धकैद्यांना २०१५ पर्यंत काहीच नाही. त्या वर्षी संसदेनं १ कोटी युरो मंजूर केले, हयात असलेल्या प्रत्येकाला २,५०० युरो. ३० लाखांवर मेले त्यांचा यात प्रश्नच नव्हता. ग्रीसमधल्या लिंगियाडेस गावी, जिथे १९४३ मध्ये पर्वतीय डिव्हिजननं बायकामुलांसह गावकऱ्यांना मारलं, तिथे राष्ट्राध्यक्ष गाउक यांनी मार्च २०१४ मध्ये क्षमा मागितली. पैशाचा विषय निघाला की मात्र जर्मन सरकार कायद्याकडे बोट दाखवतं. आंतरराष्ट्रीय न्यायालयानंही २०१२ मध्ये इटलीविरुद्धच्या दाव्यात जर्मनीच्याच बाजूनं निकाल दिला. कायद्यानं ते बरोबर असेल. मला ते अपुरं वाटतं.

आणि ऑस्ट्रिया?

तिथे 'आम्हीच हिटलरचे पहिले बळी' ही कथा होती. १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार कुर्ट वाल्डहाइम यांची बाल्कनमधली लष्करी सेवा उघड झाली आणि त्यांनी आपण फक्त कर्तव्य केल्याचं सांगितलं, तेव्हा त्या कथेला तडा गेला. व्हिएन्नात पळालेल्या सैनिकांचं स्मारक उभं राहायला २०१४ साल उजाडलं.

जर्मनांवरही अत्याचार झाले, त्यांचं काय?

झाले. लाल सैन्यानं १९४५ मध्ये जर्मन स्त्रियांवर केलेले बलात्कार, शहरांवरचे बॉम्बहल्ले, पूर्वेकडून हाकललेली सव्वा कोटीच्या आसपास माणसं. ते दुःख खरं आहे आणि त्याची नोंद व्हायलाच हवी. ते पुढे करून दुसरी वही बंद करायची, एवढंच चालणार नाही. एका खात्यातले मृत दुसऱ्यातून वजा होत नसतात.

आजचं जर्मन सैन्य वेरमाख्टकडे कसं पाहतं?

१९५५ मध्ये बुंडेसवेअर उभं राहिलं तेव्हा त्याचे अधिकारी वेरमाख्टमधूनच आले, त्यामुळे कित्येक वर्षं छावण्यांना जुन्या सेनापतींची नावं होती. ती हळूहळू बदलली. ८ मे २००० रोजी रेंड्सबुर्गच्या छावणीला त्या रेडिओवाल्या अँटोन श्मिडचं नाव दिलं गेलं. २०१८ च्या परंपरा-आदेशानुसार संस्था म्हणून वेरमाख्ट आजच्या सैन्याची परंपरा होऊ शकत नाही. विरोधी सूर आहेतच. २०१७ मध्ये एएफडी पक्षाचे गाउलांड म्हणाले की दोन्ही महायुद्धांतल्या जर्मन सैनिकांच्या कामगिरीचा अभिमान बाळगायचा जर्मनांना हक्क आहे.

आज एखाद्या नातीला आजोबांचं खरं शोधायचं असेल तर?

वेरमाख्टच्या सैनिकांच्या नोंदी ठेवणारं बर्लिनचं कार्यालय २०१९ पासून केंद्रीय अभिलेखागारात, म्हणजे बुंडेसआर्खिव्हमध्ये विलीन झालं आहे. तिथे नाव आणि जन्मतारीख देऊन अर्ज करता येतो. उत्तर यायला खूप वेळ लागतो. येतो तो सहसा कोरडा कागद: कुठली तुकडी, कुठल्या तारखेपासून, कधी जखमी, कुठल्या इस्पितळात. गुन्ह्याबद्दल त्यात काही नसतं. मग फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात त्या तुकडीची युद्धदैनंदिनी उघडायची आणि तारखा जुळवायच्या. घरी जुनी पत्रं असतील तर पाकिटावरचा फेल्डपोस्टचा, म्हणजे लष्करी टपालाचा, क्रमांक जपायचा, त्यावरून तुकडी कळते.

आणि अल्बम सापडला तर त्यातले फोटो सुटे करायचे नाहीत. कुठला फोटो कुठल्या फोटोशेजारी चिकटवला होता, मागे पेन्सिलनं कुठल्या गावाचं नाव आहे, अक्षर आजोबांचं की नंतर कुणाचं, हे सगळं आधी टिपून घ्यायचं.